चुकते किती, ते लिहा

मी शिकवायला म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात नापास झाले.

चंद्रपूरचं एक पॉलिटेक्निक, नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं. कॉलेजात नुकतेच चार कॉम्प्युटर आले होते. त्यांच्यावर खोळी असायच्या आणि खोळी काढायची परवानगी ज्या तिघांना होती त्यांतली मी एक. नागपूरहून पदवी घेऊन आलेली, पाय जमिनीला न टेकलेली. सहा दिवस खपून मी एक प्रोग्रॅम लिहिला. मोटारीची अश्वशक्ती, व्होल्टेज आणि पत्र्यांची मापं भरायची. मग तारेचे वेढे किती घालायचे इथपासून मोटर रिकामी फिरताना किती करंट घेईल इथपर्यंत सगळं डिझाइन छापून बाहेर. मुलांना ज्या गणिताला चार दुपारी लागायच्या, ते काम चहा निवायच्या आत. तो छापील कागद मी मोठ्या ऐटीत विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवला. तेच आमचे सर.

सर वडश्याजवळच्या एका खेड्यातले. बोलणं अस्सल झाडीपट्टीतलं, वर्गातही तेच आणि प्राचार्यांसमोरही तेच. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. रिकाम्या मोटारीचा करंट माझ्या प्रोग्रॅमनं पाच पूर्णांक आठ तीन सात दोन सहा अँपिअर काढला होता. सरांनी तांबडं पेन उघडलं आणि शेवटचे चार आकडे खोडले.

"मॅडम, हे तीन सात दोन सहा कोणी मोजले?"

"प्रोग्रॅमनं काढले, सर."

"थो गेला होता का मोटरीच्या आत, पाहाले?"

मी समजावलं की दशांश जितके जास्त तितकी अचूकता जास्त. त्यांनी शांतपणे विचारलं, "रोटर अन् स्टेटरच्या मंधातली फट किती धरली?"

मोटारीचा आतला फिरणारा भाग म्हणजे रोटर, बाहेरचा स्थिर भाग म्हणजे स्टेटर. त्यांच्यामधली हवेची फट नखाच्या जाडीएवढी असते, आणि रिकाम्या मोटारीचा बहुतेक करंट त्या फटीवर ठरतो. मी म्हटलं, "पुस्तकातल्या सूत्रानं धरली."

"पुस्तकातली फट पुस्तकवाल्याच्या मोटरीत. आपल्या मोटरीत किती हाये, मोजली का?"

मोजली नव्हती.

"मंग हे आठसुद्धा खरं हाये का नाई, कोणाले मालूम." त्यांनी आठाभोवती गोल काढला आणि कोपऱ्यात दहापैकी तीन मार्क दिले. तीन कशाचे, असं मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं. म्हणाले, "छपाई सुंदर हाये."

घरी जाऊन मी आईला सांगितलं की माझा साहेब अडाणी आहे. हे वाक्य आजही आठवलं की कान तापतात.

सरांचा एकच हेका होता. गणिताचं कुठलंही उत्तर नुसतं लिहायचं नाही. त्याच्यापुढं ते चुकलं तर किती चुकेल तेही लिहायचं. नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला अर्धे मार्क. "करंट सहा, चुकला तं अर्धा इकडं का तिकडं" असं लिहिणाऱ्याला पूर्ण. मुलं वैतागायची. बोर्डाच्या परीक्षेत असलं कुणी विचारत नाही, अशी पालकांनी एकदा तक्रारही केली. सर पालकांना म्हणाले, "बोर्डाची मोटर जळत नाई ना, भाऊ. आपली जळते."

ही खोड वर्गापुरती राहिली असती तर काय हवं होतं! गाडी किती वाजता, असं विचारलं की सांगायचे, "पावणेदहा, चुकली तं सव्वाअकरा." कुणी वय विचारलं तर, "बावन्न. चुकलं तं दोन वर्षं. शाळेत घालतानी बापानं अंदाजानं सांगतलं होतं." मुलीच्या लग्नात आचाऱ्याला त्यांनी पाचशे पानं सांगितली आणि लगेच पुढं, "चुकली तं ऐंशी." आचारी गोंधळून सरांच्या बायकोकडं गेला. त्या बाईंनी नवऱ्याकडं बघितलंही नाही. "सहाशे कर," म्हणाल्या, आणि प्रश्न मिटला. वर्षाच्या अहवालात सरांनी निकालाचा अंदाजही असाच लिहून पाठवला, तेव्हा प्राचार्यांनी त्यांना बोलावून चांगलं झापलं. बाहेर आले ते हसतच. "साहेब किती वेळ बोलतीन याचा अंदाज धा मिनिटं केला होता. पंधरा बोलले," म्हणाले.

दुसऱ्यांच्या खिशाला पेन असतो, सरांच्या खिशाला फिलर गेज असायचं. चाकूच्या पात्यांसारख्या पातळ पट्ट्यांचा तो जुडगा. मोटर दिसली की त्या पट्ट्या फटीत सरकवून चारही बाजूंनी मोजायचे. दळणाच्या चक्कीवर, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात, एकदा तर पाहुणे म्हणून गेलेल्या घरच्या विहिरीवर. आणि एक जाड वही. तिच्यात प्रत्येक मोटारीला एक ओळ आणि तीन रकाने. पहिल्याचं नाव 'कागद', दुसऱ्याचं 'लोखंड', तिसऱ्याचं 'काऊन'. कागदावर काय आलं, लोखंडात काय निघालं, आणि फरक पडला तर का पडला. वीस वर्षांच्या मोटारी होत्या त्यात. मी ती वही चोरून वाचली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की अडाणी इथं दुसरंच कुणी आहे. वर्षागणिक पहिल्या दोन रकान्यांतलं अंतर कमी होत गेलेलं स्पष्ट दिसत होतं. पत्र्यांच्या चळतीत खरं लोखंड किती, तारेच्या खाचांमधल्या लोखंडी दातांमध्ये चुंबकत्व तुंबलं की किती वाढवून धरायचं, झिजलेल्या बेअरिंगनं रोटर एका बाजूला बसला तर काय होतं, सगळं त्या माणसानं एकेका मोटारीतून वेचून काढलं होतं. मी मुकाट्यानं माझ्या प्रोग्रॅममध्ये ते आकडे भरायला लागले. सरांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर फिलर गेजचा नवाकोरा जुडगा होता.

त्यानंतर शनिवारी मी त्यांच्याबरोबर वडश्याला जाऊ लागले. चांदाफोर्टहून पॅसेंजर गाडी, आणि स्टेशनापासून चालत हमीदभाईंचं दुकान. हमीदभाई जळालेल्या मोटारी भरून द्यायचे, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी घालायचे. वडश्यात तांदळाच्या गिरण्या पुष्कळ, त्यामुळं दुकानात कायम मोटारींची रांग. सरांची शाळा खरी तिथं भरायची. दोघांची दोस्ती अशी की एकमेकांशी भांडल्याशिवाय दिवस सुना जायचा. हमीदभाईंच्या मते हिशोब म्हणजे उगाच वेळ घालवणं. जुने वेढे मोजायचे, तेवढेच नवे घालायचे, संपलं. सर म्हणायचे, "जुनीच घातली तं जुन्यासारखीच जळन ना बाप्पा!"

अशाच एका शनिवारी सोमीबाई आल्या. कुरखेड्याच्या पुढं जंगलातलं त्यांचं गाव. गावच्या बायकांच्या गटानं धान भरडायचं हलर घेतलं होतं, दहा अश्वशक्तीच्या मोटारीवर चालणारं. त्याआधी धान डोक्यावर घेऊन चौदा किलोमीटरवरच्या गिरणीत जावं लागायचं. हलर आलं, बायकांची पायपीट थांबली. पण मोटर तीन वेळा जळाली. सोमीबाई टेम्पोतून तिसऱ्यांदा ती घेऊन आल्या होत्या.

"आता जळाली तं हलर इकाचं, असं गावातल्या मानसायनं ठरवलं," त्या म्हणाल्या. "त्याह्यचं काय जाते? टोपली तं आमच्या डोक्श्यावर येते."

सर तिथंच पाटावर बसले आणि एकेक विचारत गेले. गाव लाइनच्या शेवटच्या टोकाला. शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज सव्वातीनशेवर उतरायचं, पंप बंद झाले की चारशेच्या वर जायचं. मोटर अशा वेळी दोन्हीकडून मरते. कमी व्होल्टेजला जमेल असे थोडे वेढे घातले तर व्होल्टेज चढल्यावर लोखंड तापतं. जास्त घातले तर उतरल्यावर तार जळते. मधली वाट फार अरुंद होती. अंदाजपंचे तिथून मोटर नेता येत नाही, हिशोब नेमका पाहिजे.

सर हरखले. वीस वर्षं ज्यासाठी घासून घासून धार लावली ते काम समोर आलं होतं. आम्ही दोन दिवस बसलो. फट चारही बाजूंनी मोजली, दात मोजले, कॉलेजात जाऊन माझा प्रोग्रॅम चाळीस वेळा चालवला. करंट सहा येईल, चुकला तर पाव. हमीदभाईंनी मोटर भरली, दुकानात रिकामी फिरवली. अँपिअर मीटरचा काटा सहाच्या किंचित पुढं थांबला. मी टाळ्या वाजवल्या. हमीदभाईंनी पहिल्यांदाच सरांना सलाम केला. सर सोमीबाईंना म्हणाले, "घेऊन जा. नाई जळत आता." चुकेल किती, ते सांगायला त्या दिवशी ते विसरले. माझ्याही लक्षात आलं नाही.

मोटर चौथ्या दिवशी जळाली.

सोमीबाई परत आल्या तेव्हा आम्ही दुकानातच होतो. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "गिऱ्हाईक पाहून गेला हलरचा. मी म्हनलं, आठ दिवस थांबा. एक बार सरले इचारून येतो."

 सर हमीदभाईंना म्हणाले, तार काढा आणि मला नुसतं लोखंड द्या. दुसऱ्या दिवशी त्या उघड्या स्टेटरच्या पोटातून त्यांनी जाड वायरचे चार वेढे घेतले आणि वीज सोडली. तार नाही, फिरणं नाही. अशात फक्त लोखंडच तापतं. पाच मिनिटांनी त्यांनी आतून तळहात फिरवायला सुरुवात केली आणि एका जागी चटकन मागं घेतला. माझाही हात धरून तिथं ठेवला. तवा होता तो. बाकी सगळीकडं कोमट आणि तिथं वीतभर पट्टा तवा.

मोटारीचं लोखंड एकसंध नसतं. पातळ पत्र्यांची चळत असते आणि पत्र्यापत्र्यात वार्निशचा थर असतो. तो गेला की पत्रे एकमेकांना चिकटतात आणि लोखंड आपल्या आपण तापत राहतं. आमच्या करंटच्या हिशोबात हे फारसं उमटलंच नव्हतं. काटा बरोबर जागी होता, आणि मोटर आतून आजारी होती. मोटर खरी वीज किती खाते ते दाखवणारा वॅटमीटर लावला असता तर कळलं असतं. तो कॉलेजच्या कपाटात कुलपात होता.

"वार्निश कसं गेलं?" सर पुटपुटले.

हमीदभाई सहज म्हणाले, "भट्टीनं गेलं असन."

"कोणत्या भट्टीनं?"

जुनी तार वार्निशनं घट्ट बसलेली असते, ती ओढून निघत नाही. म्हणून हमीदभाई अख्खा स्टेटर लाकडाच्या जाळात ठेवायचे. तार मोकळी झाली की ओढून काढायचे. या मोटारीनं असा जाळ चार वेळा खाल्ला होता. जाळ दुकानामागच्या परसात व्हायचा. सर वीस वर्षं पुढच्या ओट्यावर बसत आले होते.

"तुमी कधी सांगतलं नाई, हमीदभाई!"

"तुमी कधी इचारलंच नाई ना, सर. अन् सगळेच जाळतेत. आमचे अब्बा बी जाळत होते."

सोमवारी सर वर्गात गेले. चाळीस मुलं, मागच्या बाकावर मी. त्यांनी फळ्यावर त्या मोटारीचा सगळा हिशोब मांडला, एकही पायरी न गाळता. खाली लिहिलं, 'मोटर जळाली.' मग मुलांकडं वळले. "काऊन जळाली सांगतो. हमीदभाईनं जाळात ठेवली म्हणून नाई. पुस्तकात लोखंडाचा जो आकडा हाये थो नव्या लोखंडाचा. मी थो जसाच्या तसा धरला. हे लोखंड कुठून आलं, त्याच्यावर काय गुदरलं, मी इचारलं नाई. करंट जुळला म्हणून खूश झालो. लिहून घ्या, चूक माही हाये." खडू ठेवला आणि निघून गेले. विभागप्रमुखानं भर वर्गात असं बोललेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. मोठी मोठी कॉलेजं पाहिली मी पुढं. पण कुणी विचारलं की तुम्ही कोणाच्या हाताखाली शिकलात, तर मी छाती पुढं काढून त्यांचंच नाव सांगते. हा अभिमान मी लपवत नाही, लपवायचं कारणही नाही.

हातात चारच दिवस उरले होते. तापणाऱ्या पट्ट्यातले चिकटलेले पत्रे हमीदभाईंनी पातळ सुरीनं एकेक करून सुटे केले, कानशीनं घासले, मध्ये वार्निश सोडलं. लोखंड पुन्हा तापवून पाहिलं, पुन्हा घासलं. तिसऱ्या खेपेला तवा जाऊन नुसतं ऊन उरलं. मग सरांनी कपाटातला वॅटमीटर आणून त्या लोखंडाचा खरा आकडा मोजला आणि पुस्तकातला खोडून तो माझ्या प्रोग्रॅममध्ये घातला. उत्तर कडू निघालं. हे लोखंड आता दहा अश्वशक्तीचं उरलं नव्हतं. फार तर साडेसातचं. मोटारीवरची पुली लहान करावी लागणार आणि हलर हळू चालणार.

मला वाटलं, हे सोमीबाईंना कसं सांगायचं. सरांनी सरळ सांगितलं. त्या म्हणाल्या, "हळू तं हळू. आमी कुठी पळून राह्यलो?"

त्या दिवसापासून हमीदभाई जुनी तार जाळात न ठेवता काढायला लागले. एका बाजूनं छिन्नीनं कापायची आणि दुसऱ्या बाजूनं पकडीनं ओढायची. दुप्पट वेळ आणि तळहाताला फोड. पुढं त्यांनी दुकानावर पाटीच लावली, 'इथे मोटर न जाळता भरून मिळेल.' वडश्यात लोक तिला हसायचे. हमीदभाई मात्र पाटी रोज पुसायचे.

मोटर आम्ही स्वतः घेऊन गेलो. हलरच्या छपरीसमोर सगळ्या गावच्या बायका धानाच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. थोडे पुरुषही होते, जरा लांब, हाताची घडी घालून. सरांनी मोटर सुरू केली, तिच्या अंगाला थर्मामीटर लावून वर कापूस आणि पुट्टी थापली आणि शेजारी पोत्यावर बसले. सोमीबाईंनी स्वतःचं धान टाकलं. दर अर्ध्या तासाला सर आकडा वाचायचे, मी कागदावर उतरवायचे. अमुक तापमानाला चढून पारा थांबला पाहिजे. आठ वाचनं पाहिजेत, असा त्यांचा नेम. पहिली चार कागदाप्रमाणं आली. पाचवंही आलं. दुपार कलली. सोमीबाईंचं धान संपलं होतं आणि हलर रिकामंच फिरत होतं. टोपल्या जागच्या जागी. एकही बाई उठेना.

शेवटी सोमीबाई जवळ आल्या.

"सर, थे काचेचं काढा."

"आणखीन तीन रीडिंग राह्यले, बाई. दीड तास लागन."

"लोकांले वाटते मोटरले ताप हाये. तुमी डाक्टरवानी बसले अन् घडी घडी पाहून राह्यले. बिमार मोटरीत कोण धान टाकन?"

मला हसू फुटलं, पण सर हसले नाहीत. भार नसताना घेतलेलं वाचन फुकट, हे त्यांना कळत होतं. आणि वाचन पुरं केल्याशिवाय ते आयुष्यात कधी कुठून उठले नव्हते. त्यांचा हात पुट्टीपर्यंत गेला आणि तिथंच थबकला.

सोमीबाईंनी हळूच विचारलं, "सर, तुमाले तुमच्या हिशोबाचा भरोसा नाई का?"

सरांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग लांब उभ्या असलेल्या माणसांकडं. पुट्टी खरवडून त्यांनी थर्मामीटर काढलं, रुमालानं पुसलं, डबीत ठेवलं आणि उठून छपरीबाहेर चालू लागले. पाठीमागं बायकांची एकच झुंबड उडाली. आम्ही बांधापर्यंत पोचलो तेव्हा पहिली टोपली हलरमध्ये पडली. मोटारीचा सूर किंचित खाली आला आणि तिथं स्थिर झाला. सर पाठमोरे उभे राहून तो ऐकत होते. ती मोटर त्या हंगामात जळाली नाही, पुढच्याही नाही. पण त्या दुपारी हे कुणाला ठाऊक होतं?

माझ्या हातात कागद तसाच होता, खालचे तीन चौकोन मोकळे. मी विचारलं, "सर, इथं काय लिहू?"

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

"लिहा," म्हणाले, "मोटर कामात हाये."